म्हाताऱ्याचा मका कोणी काढला

परवा शनिवारी आमच्या घरमालक म्हाताऱ्याचा मका निघाला. म्हातारा स्वतः तीन आठवड्यांपूर्वीच गेला. शेडमध्ये कंबाइनला, म्हणजे पीक काढायच्या मशीनला, ग्रीस मारत होता, जेवायला आला नाही म्हणून त्याची बायको, म्हणजे आजी, बघायला गेली तर खाली पडलेला, ग्रीसगन हातातच. वय ८४.

आम्ही राहतो ते त्याचं जुनं फार्महाऊस, अमेरिकेत आयोवा राज्यात, एम्स नावाच्या गावापासून चाळीस मिनिटांवर. त्याची जमीन ३२० एकर. गावाकडे सांगितलं की लोक म्हणतात, बाप रे, जमीनदारच की. पण इथे सगळी जमीन एकेका मैलाच्या चौकोनात आखलेली, एका चौकोनात ६४० एकर, त्यातला हा अर्धा. एवढ्यावर घर चालत नाही, आजीने २६ वर्षं शाळेची बस चालवली, तीही पगारापेक्षा हेल्थ इन्शुरन्ससाठी. एकरी २०० बुशेल मका, म्हणजे आपले साधारण ५० क्विंटल, हे ऐकून माझा भाऊ फोनवर दोन मिनिटं गप्प झाला होता. मी त्याला म्हटलं अरे खर्च पण विचार ना, बियाण्याचा, अमोनिया खताचा, मशीनच्या हप्त्यांचा.

म्हाताऱ्याचं आणि माझं जमलं ते सोयाबीनमुळे. मी लातूरकडचा. शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की आमच्या आडतीत काय होतं हे मी त्याला सांगायचो आणि तो मान हलवायचा. एकदा मात्र त्याने विचारलं, तुमच्या भागात शेतकरी जीव देतात असं रेडिओवर ऐकलं, खरं का? मला राग आला. म्हणजे आमच्याबद्दल यांना एवढंच माहीत. मग मी अर्धा तास बोलत बसलो, पाऊस, सावकार, हमीभाव, निर्यातबंदी, आणि शिवाय आमचे लोक अडीच एकरात घर चालवतात, तुम्ही चालवून दाखवा, असंही बोललो बहुतेक. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्याकडे पण दिले, ८५ साली, ह्याच रोडवर दोघांनी. आणि उठून कॉफी ओतायला गेला.

नंतर तुकड्यातुकड्यात कळलं. १९७९ ला बँकवाला स्वतः म्हणाला घे अजून, जमीन काय खाली येत नाही, म्हणून याने कर्जावर १६० एकर घेतली. १९८० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टरने रशियाला जाणारं धान्य अडवलं, वर्षाअखेर बँकांचा प्राइम रेट, म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या गिऱ्हाइकाला लावायचा व्याजदर, साडेएकवीस टक्के, आणि १९८१ ते ८६ मध्ये आयोवातल्या जमिनीचा भाव निम्म्याहून खाली आला. ती १६० एकर गेली. आमच्या खिडकीतून दिसते, रस्त्यापलीकडे. म्हातारा तिकडे बघायचा नाही असं मला वाटायचं, कदाचित उगाच वाटत असेल.

अंत्यविधीबद्दल खरं सांगू, मला काही झेपलं नाही. कोणी रडत नाही. रांगेत उभं राहून हात मिळवायचे आणि मग चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच आणि जेलोत, म्हणजे गोड जेलीत, गाजराचा कीस. आपल्याकडे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून कडू घास भरवतात, आणि इथे लोक पावसावर गप्पा मारत दुसऱ्यांदा वाढून घेतायत! पण सगळ्यात दचकलो ते थडगं बघून. दगडावर ट्रॅक्टर कोरलेला, त्याचं नाव, आणि शेजारी आजीचं नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. आजी माझ्या शेजारी उभी, जिवंत, धडधाकट. आपल्याकडे असं कोणी नुसतं बोललं तरी ‘शुभ बोल रे’ म्हणतील. तिने त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, दोन्ही एकदम कोरले की स्वस्त पडतं.

आणि मग शनिवार. सकाळी नऊला दव वाळलं तसे रस्त्यावरून एकामागे एक कंबाइन. सात. चार मक्यात शिरले, तीन सोयाबीनमध्ये, मागे धान्याच्या गाड्या, कडेला ट्रकची रांग. म्हातारा जन्मभर लाल मशीनवाला, हिरव्या जॉन डिअरला शिव्या घालणारा, आणि सातातले पाच हिरवे. एकजण म्हणालाच, आता तो थांबवायला येत नाही तोवर काढून घेऊ. दुपारी साडेचारला ३२० एकर साफ! डिझेलसुद्धा ज्याचं त्याचं. आजी पैशांचं विचारत होती तर कोणी ऐकल्यासारखंच केलं नाही. मी काय केलं, तर पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि बटाट्याची भाजी-पोळी नेली, तीही तिघांनीच खाल्ली.

हे बघून बायको म्हणाली किती चांगले लोक ना. मी लगेच म्हटलं, आमच्याकडे एकमेकांच्या रानात फुकट राबायची इर्जिक होती, सावड होती, यात नवीन काय. म्हटलं खरं. आणि मग दिवसभर एकच गोष्ट डोक्यात.

माझे वडील गेले २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. मी गेलो नाही. म्हणजे जाता आलं असतं, परत येता आलं नसतं, तेव्हा भारतातून येणाऱ्या व्हिसावाल्यांना अमेरिका बंद होती, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला तारखा मिळत नव्हत्या, मुलगी पाच महिन्यांची. भाऊच म्हणाला होता येऊ नको. पैसे त्याच दिवशी पाठवले होते मी.

रात्री भावाला फोन लावला. म्हटलं, बाबांचं त्या वर्षीचं सोयाबीन कोणी काढलं रे?

तो म्हणाला, आज कुठून आठवलं? मग म्हणाला, तेव्हा रानात पाणी होतं, मशीन कुठलं जातंय चिखलात, विळ्यानेच कापलं. भावकीतले आले होते. ज्यांच्याशी बांधाची केस आहे ना, त्यांच्या घरचे चौघं होते, तीन दिवस.

मी विचारलं, मग केस?

चालूच आहे की, म्हणाला, पुढच्या महिन्यात तारीख आहे.