तुम्ही विचारलंत म्हणून: बसरा मोत्याचं एवढं काय?

जुने दागिने बघून त्यांचं मोल सांगणं हे माझं काम. सोन्याबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही, त्याचा भाव रोज पेपरात येतो. हिऱ्याचं बरंचसं उत्तर सर्टिफिकेटवरच असतं. प्रश्न येतात ते आजीच्या नथीचे आणि पणजीच्या तन्मणीचे. "ताई, हे मोती इतके बारीक, पिवळट, नीट गोलही नाहीत. दुकानात याहून टपोरे, पांढरेशुभ्र मोती काही हजारांत मिळतात. मग संग्राहक या बसऱ्यासाठी एवढे पैसे का मोजतात?"

बसरा हे इराकमधलं बंदर, मोत्याला नाव त्याचंच. मोती मात्र बहारीन, कतार, कुवेत आणि आजची अमिरात यांच्या किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रातले. तिथल्या शिंपल्याच्या आतल्या मांसल पडद्याला कधी इजा होते, कधी एखादा परजीवी आत शिरतो, आणि शिंपला त्याच्याभोवती चकचकीत थरावर थर चढवत जातो. माणसाचा यात काडीचा हात नाही. जून ते सप्टेंबर पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पाय दगडावर रोवून, गळ्यात जाळीची पिशवी अडकवून दिवसभर बुड्या मारायचे. शेकडो शिंपले फोडावेत तेव्हा कुठे एखादा चांगला दाणा हाती यायचा. ते पाणबुडे बहुतेक करून नाखव्याच्या कर्जात बुडालेले असायचे. बसऱ्याचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं.

तो माल मोठ्या प्रमाणावर मुंबईत यायचा. इथे दाणे चाळण्यांतून आकारानं वेगळे व्हायचे, रंगानं आणि पाण्यानं, म्हणजे चमकेनं, निवडले जायचे, विंधले जायचे. आखातातल्या अरब व्यापाऱ्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या, त्यांच्याकडे चलनही आपलाच रुपया. मुंबईतून मोती पॅरिस-लंडनला जायचे, आणि पुण्या-सातारच्या, कोकणातल्या घराघरांत नथी, कुड्या, चिंचपेट्या होऊन यायचे. आपल्या दागिन्यांत मोत्यांची एवढी रेलचेल आहे त्यामागे हा सगळा समुद्री व्यापार आहे.

त्या काळी मोती किती महाग होते? न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्यांची जी भव्य इमारत आहे ती त्यांनी १९१७ मध्ये एका धनिकाकडून घेतली, शंभर डॉलर रोख आणि दोन सरांचा मोत्यांचा हार देऊन. दोन सरांत मिळून १२८ दाणे, हाराची किंमत दहा लाख डॉलर. तोच हार १९५७ मध्ये लिलावात गेला तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास आले.

मधल्या काळात जपानचा कल्चर मोती आला होता. कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवण्यात यश आलं आणि १९२० च्या दशकात पूर्ण गोल मोती युरोपच्या बाजारात उतरले. शिंपल्यात मणी घालायचा, त्यावर थर चढू द्यायचे. मणीसुद्धा बहुधा अमेरिकेतल्या नद्यांमधल्या शिंपल्यांच्या जाड कवचाचा. त्यात १९२९ ची मंदी आली, १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडलं, आणि पाणबुड्यांची गलबतं पुढच्या काही वर्षांत कायमची किनाऱ्याला लागली. आजच्या किमतीचं मूळ इथे आहे. नवा माल जवळजवळ येतच नाही. शंभर वर्षांपूर्वी जो बाहेर आला तेवढाच फिरतो आहे आणि त्यातलाही बराच आपण आपल्या हातानं घालवतो. त्याबद्दल पुढे.

पण दुर्मीळ म्हणजे मौल्यवान, एवढ्यावर मी थांबत नाही. संग्राहक ज्याच्यासाठी खरे पैसे मोजतात ती गोष्ट म्हणजे जुळणी. मोत्याची कुडी घ्या. मधे एक दाणा, भोवती सहा. दोन कानांचे मिळून चौदा. कल्चर मोत्यात शेतातल्या पिकासारखं असतं, एका मापाचे हवे तेवढे निवडून घ्या. बसऱ्यात चौदा सारखे दाणे एका वेळी मिळतच नसत. कुणीतरी दोन दाणे जपून ठेवायचा, पुढच्या हंगामात तिसरा जुळायचा. माझ्याकडे मध्यंतरी अशी एक जोडी आली होती. भिंगाखाली एकही दाणा काटेकोर गोल नव्हता, पण कारागिरानं प्रत्येकाची किंचित चपटी बाजू आतल्या अंगाला वळवली होती, आणि सायीचा रंग, त्यात गुलाबीची झाक, चौदांतही एकच. हे बघितलं की मी बराच वेळ जोडी खाली ठेवत नाही.

याच कारणानं बाजारात बसऱ्याचा भाव सरळ वजनावर ठरत नाही, 'चव' या मापावर ठरतो. चव काढताना वजनाचा वर्ग करतात. म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर दुप्पट वजनाचा दाणा चौपट भावाचा. मोठा दाणा मिळणं किती कठीण होतं हे त्या हिशेबातच आलं.

तिसरी गोष्ट, दागिना कुणाकडून कुणाकडे आला याचा माग. फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीचं मोत्याचं पदक २०१८ मध्ये जिनिव्हात लिलावाला आलं. अंदाज होता दहा ते वीस लाख डॉलर, गेलं ३ कोटी ६० लाखांना. तसाच मोती राणीच्या नावाशिवाय तिथवर गेला नसता. आपल्याकडे बडोद्याचं उदाहरण आहे. तिथले महाराज खंडेराव गायकवाडांच्या सातपदरी हारातल्या मोत्यांचा दोन पदरांचा हार २००७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. त्यांनीच १८६५ च्या सुमारास बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा, पंधरा लाखांवर बारीक बसरा दाणे जडवलेला, २००९ मध्ये दोह्यात लिलावात विकला गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या आखातातून ते दाणे आले तिथेच.

आता ओळखायचं कसं. दातावर घासून बघायची जी युक्ती सांगतात तिनं फक्त काचेचा किंवा प्लास्टिकचा मोती पकडता येतो. कल्चर मोत्यालाही वरचा थर खराच असतो, तोही दाताला तसाच खरखरीत लागतो. मी आधी वेज बघते, म्हणजे मोत्याचं भोक. कल्चर मोत्यात भिंगातून आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली काळसर रेघ पुष्कळदा दिसते. बसऱ्यात थर आतपर्यंत जातात. तरी शेवटचा शब्द एक्स-रेचा. मुंबईत मोत्यांची अशी तपासणी करून दाखला देणाऱ्या लॅब आहेत आणि मोठा संग्राहक त्या दाखल्याशिवाय पुढे बोलत नाही.

मला खरोखर वाईट वाटतं ते मोडीचं. जुना तन्मणी मोडीत जातो तेव्हा सोन्याचं वजन धरतात आणि मोती 'वजावट' म्हणून बाजूला काढतात. त्याचे पैसे तर मिळत नाहीतच, दाणेही पुष्कळदा परत मागितले जात नाहीत. दुसरं, डागडुजी. दोरा तुटला म्हणून दागिना दुकानात दिला, परत आला तो पांढराशुभ्र होऊन, आणि घरचे खूश. सगळेच दाणे बदललेले असतात असं मी म्हणत नाही, पण रसायनानं उजळवले तरी नुकसानच आहे. वरचा थर एकदा खाल्ला गेला की तो परत येत नाही.

तेव्हा विकायची असो वा नसो, नथ आधी जशी आहे तशी उजेडात ठेवून फोटो काढा, दाणे मोजून लिहून ठेवा. त्याबरोबर ती घालून बसलेल्या आजीचा एखादा लग्नातला जुना फोटो असेल तर तोही जपा, तो कागदपत्रांइतकाच कामाचा आहे. तन्मणी गाठवायचा झाला तर पटवेकऱ्यासमोर बसून गाठवून घ्या. अत्तर, स्प्रे आधी, मोती नंतर. घालून झाले की मऊ ओलसर कापडानं पुसायचे, कोरडे होऊ द्यायचे आणि सुती फडक्यात गुंडाळून डबीत ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका.