मुखपट्टीआडचे हसू (करोना साथीच्या काळातली नोंद)

करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते आणि साधा साबण ते फोडून टाकतो, ही माहिती आता घरातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ झाली आहे. २० सेकंद हात धुणे त्यामानाने सोपे. कठीण आहे ते माणसांपासून अंतर राखणे. आज संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, तेव्हा आम्ही चार पायऱ्या सोडून उभे राहिलो आणि एरवीपेक्षा मोठ्या आवाजात एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी केली. त्या हसल्या, हे मला केवळ डोळ्यांवरून ओळखावे लागले.

लक्षणे दिसण्याआधीही माणूस संसर्ग पसरवू शकतो, हे कळल्यापासून आपण प्रत्येकाकडे, खरे तर स्वतःकडेही, किंचित संशयाने पाहू लागलो आहोत. ही सावधगिरी योग्यच आहे, याबद्दल मला शंका नाही. तिची इतक्या लवकर सवय व्हावी, हे मात्र खटकते.

काकूंना परगावी असलेल्या मुलीला व्हिडिओ कॉल करायचा होता. फोन त्यांच्याच हाती ठेवून, दाराबाहेरून तोंडी सूचना देत मी तो लावून दिला. बराच वेळ मुलीला केवळ छतच दिसत होते, पण तिची तक्रार नव्हती. उद्या कॅमेरा चेहऱ्याकडे वळवण्याचा धडा घ्यायचे ठरले आहे.