शेऱ्याचा रकाना

पर्यावरण अहवालासाठी मातीचे नमुने आणायचे, एवढंच माझं काम. दोडामार्ग तालुक्यातल्या एका गावात लोहखनिजाच्या खाणीचा प्रस्ताव होता आणि नकाशावरच्या चार ठिपक्यांपैकी तिसरा नेमका देवराईत पडला होता. तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल २०२० साली संवर्धन राखीव झालं. ही राई त्या रेषेबाहेरची.

वाट दाखवायला आलेल्या आजोबांनी राईच्या तोंडाशी वहाणा काढल्या, म्हणून मीही बूट काढले. जुलै महिना, जळवांचा सुकाळ, पण इलाज नव्हता. बाहेर सड्यावर जांभ्यात पहार घातली तरी ठिणग्या उडतात. इथे खुरपं मुठीपर्यंत आत गेलं. वर पानं, त्याखाली अर्धी कुजलेली पानं, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या दोऱ्यांनी शिवल्यासारखा काळा भुसा.

"माती खंय नेतस?"

"तपासायला, आजोबा."

"देवाक इचारलंस?"

मी गप्प. शेवटी त्यांनीच माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं आणि मग मी खड्डा घेतला.

खड्ड्याच्या कडेतून वीतभर लांब, जांभळट, चकचकीत काहीतरी सरकलं. मला वाटलं गांडूळ. पण त्याने तोंड उघडलं आणि खालचा जबडा दिसला! देवगांडूळ. बेडकाचं लांबचं भावंड, बिनपायांचं, मातीतच राहणारं. आमच्याच जिल्ह्यातल्या आंबोलीतून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली होती. हे तेच की दुसरं, एवढं ओळखण्याची माझी पात्रता नाही. ओल्या पानावर घेऊन फोटो काढला, परत सोडलं. दोन क्षणांत दिसेनासं झालं.

फॉर्मवर रकाने होते सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांचे. देवगांडूळ मी शेऱ्यात लिहिलं.

खाणवाल्यांच्या भाषेत खनिजाच्या वरचं सगळं 'ओव्हरबर्डन', म्हणजे ओझंच. वरची माती आधी खरवडून वेगळी साठवायची आणि खाण संपली की पुन्हा पसरायची, असं कागदावर असतं. असे ढीग मी पाहिलेत. पोटात हवा खेळत नाही, आत आंबूस वास येतो. झाडांच्या मुळांना पाणी आणि स्फुरद पोचवणारे ते बुरशीचे दोरे खरवडतानाच तुटलेले असतात, आणि मुळं नसलेल्या ढिगात ते जगणार कशाच्या जोरावर? माझ्या पिशवीत मात्र ढिगातली तीही 'माती' म्हणूनच येते.

अहवालाची प्रत हाती आली. माझं पान अर्धंच: "माती आम्लधर्मी, सेंद्रिय कर्ब भरपूर, वृक्षारोपणास योग्य." शेरा छापलाच नव्हता. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "अहो, तो प्राण्यांवाल्यांचा विषय." प्राण्यांवाल्यांना गाठलं. त्यांनी जमिनीवरचंच पाहिलं होतं.

जनसुनावणीसाठी फोटोसकट हरकत लिहून ठेवली आहे. नमुने आणायच्या कामाचं बिल मात्र अजून निघायचंय.