मावशीची 1 ग्रेनवाली गोळी

परवा मावशी न्यू जर्सीहून आली आणि जेटलॅग उतरायच्या आतच माझ्या औषधांच्या दुकानात हजर, काउंटरवर एक बाटली ठेवली आणि म्हणाली, पंधराच उरल्यात रे, तुझ्याकडे मिळतात का बघ. बघतो तर थायरॉइडची गोळी, लेबलवर 1 ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी माप) आणि खाली 60 मिलिग्रॅम. माझ्या आईची थायरॉक्सिनची गोळी 50 मायक्रोग्रॅमची, हे मावशीला पाठ. तिने तिथेच हिशोब केला, 60 मिलि म्हणजे साठ हजार मायक्रो, "अरे म्हणजे मी ताईच्या बाराशे पट खातेय की काय!"

हिशोब बरोबर, पण लागू होत नाही. कारण ते 60 मिलिग्रॅम म्हणजे डुकराच्या थायरॉइड ग्रंथीची वाळवलेली पूड (हे सांगावं की नाही म्हणून मी जरा अडखळलो, मावशी एकादशी करणारी आहे), आणि त्यात खरं हार्मोन टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन, 38 मायक्रोग्रॅम आणि टी-थ्री 9, बस. त्यामुळे इथे ग्रेनचे मिलिग्रॅम करून काहीच उपयोग नाही, किती थायरॉक्सिन द्यायचं ते डॉक्टर टीएसएच ही रक्ततपासणी बघून ठरवणार. तिला तिकडेच पाठवलं.

पण ग्रेन हा प्रकार डोक्यात राहिला. डी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, आमच्या सरांनी एक ट्रिक शिकवलेली, घड्याळ डोळ्यासमोर आणा. 60 मिनिटं म्हणजे 1 ग्रेन म्हणजे 60 मिलिग्रॅम, अर्धा तास 30, पाव तास 15. फेनोबार्बिटोनच्या गोळ्या 30 आणि 60 च्या का? अर्धा ग्रेन आणि एक ग्रेन. अ‍ॅट्रोपीनचं अँप्यूल 0.6 मिलिग्रॅमचं, असला आकडा कोणी मुद्दाम काढेल का, तर तो ग्रेनचा शंभरावा भाग. म्हणजे आपण मेट्रिक झालो असं नुसतं वाटतं, स्ट्रिपवरच्या मिलिग्रॅममागे अजून ग्रेनच लपलेत.

आता गंमत अशी की खरा ग्रेन 60 चा नाहीच, 64.8 चा आहे. छोट्या डोसला 60 धरलं तर चालून जातं, पण 5 ग्रेन अ‍ॅस्पिरिन म्हणजे 324, म्हणून ती गोळी 325 ची. आणि अमेरिकेत हार्टवाले जी 81 मिलिग्रॅमची खातात ती त्याच 324 चा चौथा हिस्सा, सव्वा ग्रेन. आपल्याकडे तीच 75 ची मिळते. 81 असा विचित्र आकडा का, हे मावशीच्या मिस्टरांनी मला मागेच विचारलं होतं, तेव्हा मी काहीतरी थाप मारली होती.

बाबा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, त्यांची मिक्श्चरची वही अजून माळ्यावर आहे. देशात मेट्रिक 1958 पासून सुरू झालं तरी वहीत पुढे कित्येक वर्षं औंस, ड्राम आणि मिनिम ही पातळ औषधांची जुनी मापंच. 60 मिनिमचा ड्राम, 8 ड्रामचा औंस, आणि बाटलीला ती कातरलेली कागदाची पट्टी, एका वेळी एक खाच. ड्रामची खूण मराठी तीनसारखी, औंसची पण तशीच फक्त वर एक जादा वळसा, आणि बाबांचं अक्षर म्हणजे काय सांगू, तो वळसा सुटला की सरळ आठ पटीचा फरक. त्याहून वाईट म्हणजे ग्रेन लिहायचे जी-आर आणि ग्रॅम लिहायचे नुसता जी. 5 ग्रेनला कोणी 5 ग्रॅम वाचलं तर पंधरा पट डोस. म्हणून कुठल्याही जुन्या कागदावरचा आकडा मी आधी उलटा करून बघतो, म्हणजे मिलिग्रॅम काढायचे आणि असल्या स्ट्रेंथची गोळी खरंच असते का ते तपासायचं. नसली तर कुठेतरी घोळ आहे, फोन उचलायचा.

हे सगळं संध्याकाळी जेवताना मावशीला सांगत होतो तर आई मधेच म्हणाली, आमच्या वेळी आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, ते काय कमी किचकट होतं? आणि तोळा पण ग्रेनमध्येच बसवलेला आहे, इंग्रजांनी 180 ग्रेनचा ठरवला, 11.66 ग्रॅम. हे ऐकल्यावर मावशी थायरॉइड विसरली, हातातल्या पाटल्या पुढे केल्या, "ह्या आईच्या, जुन्या चार तोळ्यांच्या, किती ग्रेन झाले सांग."

720.

"बघ ताई," म्हणाली, "आकडा कसा भारी वाटतो."