पाड्याचा बैल होईपर्यंत

कोकण कपिला पाळलीय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: दूध किती देते? आमची तांबू भरात असताना दोन्ही वेळचं मिळून दोन लिटर देते, तेही दोन सड वासराला सोडून. या जातीची सरासरीच सव्वादोन लिटरच्या आसपास, तेव्हा तक्रार नाही. जर्सीवाले ऐकून हसतात, हसू देत. ही बुटकी गाय कोकणात नुसत्या दुधासाठी कधी राखलीच नाही कोणी. घरापुरतं दूध, परड्याला शेण आणि जोताला पाडा, म्हणजे नर वासरू, असा तिचा हिशेब. 2018 मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हापासून गाईचं कौतुक वाढलं. पाड्याचं मात्र कोणी नाव काढत नाही.

आमची जमीन संगमेश्वर तालुक्यात, उतारावर. खालच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, पॉवर टिलर फिरतो. वर जायला दगडी गडग्याच्या कडेने पायवाट आहे, तिथून तो चौघांनी उचलून न्यावा लागतो. म्हणून 2021 साली तांबूला पाडा झाला तेव्हा आम्हाला आनंद झाला, आणि खरवस खायला आलेल्यांना आमची कीव आली. त्यांचंही बरोबर आहे. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, काम नसलेला पाडा कोणी विकत घेत नाही, मग तो रात्री दावं सोडून रस्त्यावर हाकलला जातो. आमच्या घाटीत डांबराच्या उबेला बसलेली गुरं बघा, निम्मे पाडे.

पहिल्या वर्षात विशेष काही नव्हतं. चीक पोटभर पाजला, जंत पाडले, कानात बारा आकडी बिल्ला बसला. 2022 मध्ये गुरांचा लम्पी रोग आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस टोचून घेतली आणि गोठ्यात संध्याकाळी कडुलिंबाचा धूर केला. गोचीड मात्र पावसाळाभर हातानेच वेचावे लागतात, त्याला दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

खरं काम वेसणीपासून सुरू झालं. टोचायला डॉक्टरांना बोलावलं, भूल दिली, आणि जखम पूर्ण सुकेपर्यंत दोरीला ओढ बसू दिली नाही. वेसण ताणून जनावर शिकवणारे बरेच, पण तसा शिकलेला बैल आयुष्यभर मान वाकडी करून चालतो. खच्ची करण्याची घाई आमच्याकडे करत नाहीत. खांदा भरू द्यायचा, वशिंड वर येऊ द्यायचं, अडीच-तीन वर्षांनी चिमटा. तोवर तो गावातल्या गाईंच्या मागे लागणार हे धरूनच चालायचं, त्यावरून दोन बोलणी मीही खाल्ली. एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगतो: वाडीतले सगळेच पाडे खच्ची केलेत तर पुढे गाय दाखवायची कुठे? लहान गाईला मोठ्या जातीच्या वळूची रेतनाची कांडी भरली तर वासरू अडण्याची धास्ती. आमच्या वाडीने एक चांगला वळू ठरवून राखला आहे.

भात कापून कुणगे मोकळे झाले तेव्हा शिकवायला घेतलं. वाडीतले आबा म्हणाले, "एकट्याला नको रे शिकवूस. जाणत्याच्या जोडीला घाल, तो शिकवील." त्यांचा ढवळ्या जाणता. आधी नुसतं जू. शिवळा, म्हणजे मानेशेजारची जुवाची खुंटी, आत सरकल्यावर आमचा पाडा सोन्या मागच्या पायांवर बसायचा, ढवळ्या खाली मान घालून रवंथ करत उभा. मग जू घेऊन चालणं, मग मागे फणसाचा ओंडका. ओंडका यासाठी की तो घासत येताना आवाज करतो आणि त्या आवाजाने बुजणं मोडावं लागतं. ऊन चढायच्या आत थोडा वेळ, पुरे. थकवला तर दुसऱ्या दिवशी जू पाहूनच पाठ फिरवतो. आणि बाजू बदलायची नाही. डावीकडे शिकला तो डावीकडेच. आबांनी त्याला डावीकडे घातला, कारण ढवळ्या जन्मभर उजवा.

कोरड्यात चालणारा बैल चिखलात चालेलच असं नसतं. 2024 च्या लावणीला पहिल्यांदा पाण्यात उतरवला तर बांधावरच अडला. ढवळ्याने दोन पावलं टाकली, जू तिरकं झालं, मग आला. गुडघाभर चिखलात त्याचं लहान अंगच उपयोगी पडलं. आखूड कुणग्यात वळताना जोडीला जागा कमी लागते, आणि बांध तुटत नाही. टिलरने दरवर्षी कोपरे राहायचे, ते फावड्याने करावे लागायचे. त्या साली राहिले नाहीत.

पैशांत मांडाल तर पेंढा घरचा असूनही बैल परवडत नाही, कारण वर्षातले दहा महिने तो बसून खातो. गाय, शेण आणि वरचे कुणगे एकत्र धरले तरच जमतं. ज्याची जमीन सपाट आहे, त्याने टिलरच घ्यावा.

आता अडचण दुसरी आहे. ढवळ्या म्हातारा झाला, आबा त्याला यंदा जुंपणार नाहीत. तांबू गाभण आहे, पण पाडाच झाला तरी त्याला जोताला यायला तीन वर्षं. शेजारच्या गावात उजव्या बाजूचा एक बैल बघून ठेवलाय. धनी देतो म्हणतो, पण किमतीवर गाडी अडलीय.