उणे ७५

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येण्याआधी हे ग्राफिक्स कार्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची फेरी करून आलं होतं. सोबत कागद: 'तपासणी केली, दोष आढळला नाही.' मुलगा कॉलेजातला. म्हणाला, "दादा, कार्ड चांगलं आहे असं सगळेच सांगतात. फक्त ते चालत नाही."

चिप एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०७०. कार्ड बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. मॉडेल 'ओसी', म्हणजे कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन, ठरलेल्यापेक्षा जास्त वेग लावून आलेलं, आणि बॉक्सवर ही दोन अक्षरं डोळ्यांत भरतील अशी छापलेली. एनव्हिडियाने या चिपला ठरवून दिलेला बूस्ट क्लॉक, म्हणजे कामात असतानाचा अपेक्षित वेग, २,४७५ मेगाहर्ट्झ, या बॉक्सवर २,५५०. फरक ७५ चा, म्हणजे तीन टक्के. याच कार्डाचा साधा भाऊही मी उघडून पाहिलेला आहे. बोर्ड तोच, उष्णता ओढून घेणारा हीटसिंक तोच, पंखे तेच. बायोसमधला, म्हणजे कार्डातल्या कायमच्या सेटिंगमधला, एक आकडा तेवढा वेगळा. मुलाने जास्तीचे पैसे मोजले ते त्या आकड्याचे.

तक्रार अशी की गेम चालता चालता स्क्रीन काळी होते आणि थोड्या वेळाने डेस्कटॉप दिसतो. विंडोजच्या नोंदीत 'लाइव्ह कर्नल इव्हेंट १४१' ही त्रुटी. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हरला धरून पुन्हा उभं करतं, आणि ते जमलं नाही तर गेम गेला. पण १४१ वरून कार्ड गप्प बसलं एवढंच कळतं, का बसलं ते नाही. ड्रायव्हर मुळापासून काढून नवा टाकला, रॅमचं एक्सएमपी (तिला जादा वेगाने चालवणारं सेटिंग) बंद केलं, पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलली. शेवटी कार्ड माझ्या टेस्ट बेंचवर लावलं. तिथेही तेच. म्हणजे कार्डच.

मग तासभर फरमार्क लावला. कार्डावर जास्तीत जास्त ओझं टाकणारा हा चाचणीचा प्रोग्राम, सर्व्हिस सेंटरमध्येही तोच लावतात. पास. पुन्हा लावला. पुन्हा पास.

इथे मीही 'दोष आढळला नाही' लिहून मोकळा झालो असतो, खोटं कशाला बोलू. पण आदल्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत ते दोनदा बंद पडलं होतं. म्हणून सरळ गेम खेळायला बसलो. शेजारच्या मॉनिटरवर क्लॉक, व्होल्टेज आणि वॅट यांचा लॉग चालू. साहेब दोनदा मागून जाऊन आले. त्यांच्या मते टेस्टिंग म्हणजे पट्टी शंभरपर्यंत गेली की झालं. माणूस कंट्रोलर हातात घेऊन बसला तर तो टाइमपास.

तिसऱ्यांदा स्क्रीन काळी झाली तेव्हा लक्षात आलं की तिन्ही वेळा मी नुकताच गेममधला नकाशा बंद केला होता.

लॉग उघडला. खेळताना कार्ड २०० वॅटच्या मर्यादेला टेकलेलं आणि क्लॉक २,६५५ च्या आसपास. नकाशा उघडला की काम हलकं होतं, वॅट निम्म्याखाली येतात, कार्डाला श्वास मिळतो आणि क्लॉक चढत चढत २,८२० वर जाऊन बसतो. नकाशा बंद केला की सगळं ओझं एकदम अंगावर येतं, आणि त्या क्षणी कार्ड सगळ्यात वरच्या पायरीवर असतं. तिथून ते स्वतःला खाली खेचतं, पण खेचेपर्यंतच्या त्या निमिषात ही चिप कोलमडत होती.

२०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून एनव्हिडियाची कार्डं वीज, उष्णता आणि व्होल्टेज बघून आपला वेग आपणच ठरवतात. बॉक्सवरचा आकडा साधं कार्डसुद्धा आपणहून ओलांडतं. मग कारखान्यातले ७५ कुठे जातात? ते वेगाच्या अख्ख्या शिडीला खालून लावलेल्या विटेसारखे असतात. प्रत्येक पायरी तेवढी उंच होते, शेवटचीही. आणि या चिपला शेवटची पायरी झेपत नव्हती.

फरमार्कचं काय? तो कार्डाला इतकं जाळतो की वीजमर्यादा लगेच लगाम ओढते आणि क्लॉक २,४०० च्याही खाली येतो. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये कार्ड तासभर तापवलं ते नेमकं त्याच्या सगळ्यात निवांत वेगावर. पोराला दम लागतो अशी तक्रार, आणि यांनी त्याला तासभर चालवून पाहिलं! त्या माणसांना रोज किती कार्डं निपटावी लागतात ते मला माहीत आहे, पण लॉगवर एक नजर टाकायला काय लागतं?

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये, हेल्पच्या मेनूत, 'डीबग मोड' नावाची एक ओळ आहे. कारखान्यातून ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड तिथे एका टिकेने मूळ वेगावर येतं. ती टीक केली, कीबोर्डला मॅक्रो (आपोआप कळ दाबत राहणारी सूचना) लावला आणि रात्रभर नकाशा उघड-बंद करत ठेवला. सकाळी गेम जिवंत. टीक काढली, तर चाळीस मिनिटांत काळी स्क्रीन. पुन्हा केली, पुन्हा दिवसभर ठणठणीत. हे सापडल्याचा आनंद मला अजून आहे, लपवत नाही. दोन्ही स्थितींत गेममधली वेग मोजणारी बेंचमार्क चाचणी घेतली: टीक नसताना सेकंदाला १०१ फ्रेम, टीक असताना ९९.

कायमचं म्हणून आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कोअर क्लॉकला, म्हणजे चिपच्या वेगाला, उणे ७५ टाकलं आणि मुलाला बोलावलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेलं कार्ड तुम्ही साध्या कार्डाइतकं करून मला परत देताय."

मी हो म्हणालो.

ओसी घ्यावं का, असं लोक रोज विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. जास्तीच्या पैशांत मोठा हीटसिंक, आवाज न करणारे पंखे, वीजमर्यादा थोडी सैल मिळत असेल तर खुशाल घ्या. माझ्या घरचं कार्डही तसलंच आहे. बोर्ड आणि कूलर तोच असेल तर दोन फ्रेमसाठी पैसे घालू नका. हे सांगायला सोपं आहे, पण विकत घेऊन बसलेल्याला सांगताना माझी नजर टेबलावर होती.

कंपनीकडे पुन्हा पाठवू म्हटलं. लॉग जोडून एक पानभर लिहून दिलं, कोणता गेम, नकाशा कसा उघडायचा, किती वेळा. त्याने पान घेतलं, पण कार्ड पाठवलं नाही. प्रोजेक्ट तोंडावर होता, आधीच तीन आठवडे वाया गेले होते, आणि तिथे पुन्हा फरमार्कच लावणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी जास्त जोर करायला हवा होता का? चिप जुनी होईल तसं तिला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं. आज उणे ७५ ने भागलं. वॉरंटी संपल्यावर उणे १०० लागलं तर तो माझ्याकडेच येणार.

जॉबशीटवर 'दोष' या रकान्यात काय लिहावं यावर बराच वेळ अडलो. शेवटी लिहिलं, 'बॉक्सवर छापलेल्या वेगाला चालत नाही.' साहेबांनी ते खोडून 'सेटिंग केले' असं केलं आणि बिलात सेटिंगचा चार्ज लावला.