तुम्ही विचारलंत म्हणून : अण्णांना नळी का नाही?

आत्या विचारते, अण्णांचे पोस्टातले मित्र विचारतात, परवा तर सोसायटीच्या वॉचमनकाकांनीही विचारलं. "नाकातून जेवणाची नळी घातली की प्रश्नच मिटला ना? मग तुम्ही का घालू देत नाही?" दर वेळी "डॉक्टर नको म्हणाले" असं सांगून मी विषय बदलते. ते खरं नाही. डॉक्टर "तुम्ही ठरवा" म्हणाले. आता एकदाच सगळं लिहून काढते, म्हणजे पुढच्या वेळी हेच हातात देता येईल.

अण्णांना पार्किन्सन्स आहे, घास-पाणी नीट गिळता येत नाही. ते केअर सेंटरमध्ये का आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर वेगळा दिवस ठरवू.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, नळी घातली होती. न्यूमोनिया झाला तेव्हा हॉस्पिटलमध्ये घातली, आणि ती घाला म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले होते तीही मीच. पाण्याच्या प्रत्येक घोटाला ठसका, मग चेहरा लाल, मग तो ओला, घरघरणारा आवाज. मला ते बघवत नव्हतं. नळी आल्यावर चार दिवस मला शांत झोप लागली. डिस्चार्ज मिळाला तो नळीसकटच, आणि सेंटरमध्येही सगळे खूश. दोन-तीन तासांनी नळीतून फीड सोडायचं, दहा मिनिटांत काम संपतं. भरवण्याची कटकट नाही, ठसका नाही, ताईंचे, म्हणजे माझे, फोन नाहीत.

मग एका दुपारी मी न कळवता गेले. वॉर्डात सगळे झोपलेले, पंख्याचा आवाज तेवढा. अण्णा जागे होते. दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेली. गाठीखाली कापसाची घडी घातली होती, कातडी सोलवटू नये म्हणून. म्हणजे ज्याने बांधलं त्याने काळजीपूर्वक बांधलं होतं, आणि मला त्या कापसाचाच जास्त राग आला. उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता. तो कंप बांधून थोडाच थांबतो. मला वाटलं, आता अण्णा रडतील किंवा चिडतील. त्यांचा आवाज हल्ली इतका खोल गेलाय की तोंडाजवळ कान न्यावा लागतो. ते म्हणाले, "नाक खाजतंय. जरा खाजव."

नळीला लावलेल्या चिकटपट्टीखाली खाजत होतं. सकाळपासून खाजत असणार. मी पट्टीच्या कडेने नखाने खाजवलं. "अजून," म्हणाले. "आणखी वर." बराच वेळ मी तेवढंच करत होते.

नंतर मी सिस्टरवर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचं मला वाईट वाटतं का? फारसं नाही. पण तिने शांतपणे दिलेलं उत्तर मला आजही खोडता आलेलं नाही. "ताई, आजोबांनी नळी दोनदा ओढली. परत घालायला हॉस्पिटलला न्यावं लागतं, रात्री इथे डॉक्टर नसतात. नळी नीट सांभाळा असं तुम्हीच सांगून गेलात. हात मोकळे सोडायचे तर शेजारी कोणीतरी बसायला पाहिजे. कोण बसणार?"

कोण बसणार. तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरं तर हा प्रश्न आहे. दुपारच्या जेवणाला एका मावशीकडे सहा-सात ताटं असतात, आणि अण्णांचं एकट्याचं जेवण पाऊण तास चालतं. नळीने वाचतो तो हा पाऊण तास, आणि तो अण्णांचा नव्हे, सेंटरचा वाचतो. हे बोलले की सेंटरच्या मॅडमना राग येतो. मावशींना येत नाही, त्या मान डोलावतात.

पुढे हॉस्पिटलमध्ये एका स्पीच थेरपिस्टने तपासलं. अण्णा स्पष्ट बोलतात की नाही हे बघायला ती आली असेल, असं मला वाटलं. गिळणं तपासणं हेही त्यांचंच काम, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. नाकातून बारीक कॅमेरा घालून तिने अण्णांना रंग घातलेलं पाणी आणि दही गिळायला दिलं. स्क्रीनवर दिसलं ते असं : दही नीट खाली गेलं. पाण्याचा काही भाग श्वासनलिकेत उतरला आणि अण्णांना ठसका लागलाच नाही. तेव्हापासून "आज ठसका नाही लागला ताई, छान जेवले" हे सेंटरमधलं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ठसका म्हणजे निदान शरीर राखण करतंय. गप्प गिळणं जास्त वाईट असू शकतं.

नळीने हा धोका टळतो असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटायचं. टळत नाही. लाळ त्याच वाटेने खाली जाते, पोटातलं फीड वर येऊन छातीत उतरू शकतं. वर "तोंडाने काही खात नाहीत" म्हणून दात घासणं बंद होतं, तोंडात जंतू माजतात, आणि लाळेबरोबर तेच फुप्फुसात जातात. नळी होती त्या काळात अण्णांचा ब्रश कोरडाच असायचा. मी हात लावून बघितलाय.

नळी काढली तेव्हा त्या थेरपिस्ट मुलीने सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या, म्हणूनच कोणी पाळत नाही. अण्णांना नव्वद अंशांत ताठ बसवायचं; उशांवर रेलवलं की ते घसरतात. फीडिंग कप बंद, कारण त्यातून प्यायला मान मागे न्यावी लागते. हनुवटी किंचित खाली. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. वरणात भाताची शितं तरंगता कामा नयेत, पातळ पुढे पळतं आणि शितं तोंडातच राहतात. दोन्ही घोटून एकजीव करायचं. चमचा तिरपा केला की घास अख्खा घसरून पडला पाहिजे, चिकटून बसायला नको. आषाढी एकादशीला मात्र सेंटरने सगळ्यांबरोबर अण्णांनाही साबुदाण्याची खिचडी दिली, फार प्रेमाने. त्या दिवशी मी कोणाशी भांडले नाही, नुसतीच घामाघूम झाले.

पाणी असो की चहा, दाट करायची पावडर घालूनच द्यायचा. अण्णांना तो चहा मुळीच आवडत नाही. "ही काय खळ पाजतेस?" म्हणतात. पोस्टात जन्म काढलेला माणूस, त्याला खळ कळते. पावडर मोजून घातली नाही तर गुठळ्या होतात, आणि मावशी अंदाजाने घालतात. मोजायचा चमचा डब्यातून पहिल्याच आठवड्यात गेला.

माझी अर्धी भांडणं स्टुलावरून झाली आहेत. हसू नका. मावशी उभ्या राहून भरवतात, मग अण्णा वर बघतात, मान मागे जाते आणि घास नको तिकडे जातो. बसून भरवलं तर हनुवटी आपोआप खाली येते. म्हणून मी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं, त्यावर अण्णांचं नाव रंगवलं. ते कायम दुसऱ्याच मजल्यावर सापडतं. राहिलेली भांडणं गोळीची. पार्किन्सन्समध्ये लेवोडोपा, म्हणजे त्या आजारावरची गोळी, चढलेली असेल तेव्हा बऱ्याच जणांचं गिळणंही जरा सुधारतं, आणि जेवणातली प्रथिनं त्या गोळीच्या आड येतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास हवी. सेंटरमध्ये सगळ्यांच्या गोळ्या जेवणानंतर, एकाच ट्रेमधून. "एका पेशंटसाठी राउंड कसा बदलायचा?" मी म्हणते, राउंड नका बदलू, एक गोळी बदला. कधी बदलतात, कधी नाही.

आता तुमच्या मनात असेल ते मीच बोलते. वजन उतरलंय. हो. नळी काढल्यावर पुन्हा एकदा छाती भरली, तेही खरं. नळी असती तर भरली नसती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भरलीच असती, हे मलाही सांगता येत नाही. अमेरिकेतल्या जेरिअ‍ॅट्रिक्स (वृद्धांवरच्या उपचारांच्या) सोसायटीने 2014 मध्ये स्पष्ट म्हटलंय की डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, शेवटच्या टप्प्यात नळी नको, काळजीपूर्वक हाताने भरवा. हे मी सेंटरच्या मॅडमना दाखवलं तेव्हा माझा आवाज फार चढला होता. पण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये "नळी घाला" म्हणून उभी असलेली ती मी अजून कुठे गेलेली नाही. ती विचारते : अण्णा विसरतात, पण शेवटच्या टप्प्यात आहेत का? मग ते वाक्य त्यांना कसं लागू होतं? तुला हवं तेवढंच वाचलंस ना? मी तिला त्या दुपारचं सांगते. ती म्हणते, त्यावर उपाय होता, पोटातून नळी घालायची, ती ओढायची भीती कमी. डॉक्टरांनीही ते सुचवलं होतं आणि मी नाही म्हटलेलं नाही. होही म्हटलेलं नाही. अण्णांना विचारलं तर ते एक दिवस "नको" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी "तुला काय वाटतं?" म्हणतात.

गेल्या महिन्यात मॅडमनी एक छापील कागद पुढे केला. तोंडाने भरवण्याचा धोका नातेवाइकांना समजावला आहे, होणाऱ्या परिणामांना सेंटर जबाबदार राहणार नाही. मी सही केली आणि खाली पेनाने लिहिलं : भरवणारी व्यक्ती स्टुलावर बसेल. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देणार नाही. लेवोडोपा जेवणाआधी अर्धा तास. दात रोज दोनदा. आणि त्याखाली सेंटरच्या सहीसाठी एक रेघ ओढली.

मॅडम म्हणाल्या, "असं लिहिता येत नाही ताई, फॉर्म वकिलांनी केलाय. त्यांना विचारून सांगते." कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो आहे.